नाकतोड्यांचा १९८७चा विजय

ऑरव्हल टीडमन जन्मात कधी फुटबॉल खेळला नाही, आणि एबेनेझर कॉलेजच्या फुटबॉलबद्दल त्याच्याइतकं कुणालाच कळत नाही. यात काही विसंगती आहे असं ज्याला वाटेल, त्याने एबेनेझरचा खेळ पाहिलेला नाही. तिथे मैदानात उतरणाऱ्यांनाही फुटबॉल खेळल्याचा आरोप फारसा लावता येत नाही.

फुटबॉल म्हणजे आमच्या कॅन्ससमधला. अंड्याच्या आकाराचा चेंडू, अंगाला गाद्या बांधलेले अकरा-अकरा जण, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं आणि नाही जमलं तर चेंडू मुकाट समोरच्याच्या हवाली करायचा. यातला शेवटचा भाग आमच्या पोरांना अंगवळणी पडलाय. संघाचं नाव 'लढाऊ नाकतोडे'. दीडशे वर्षांपूर्वी नाकतोड्यांच्या झुंडीने आमच्या हॅल्व्हर्न गावाची सगळी पिकं, कुंपणं आणि वाळत घातलेले कपडे खाल्ले होते, त्याची आठवण म्हणून. गावावर आलेल्या संकटाचं नाव ठेवलं आणि संघ नावाला जागला.

ऑरव्हल धान्याच्या कोठारावर ट्रक तोलायचा. अडतीस वर्षं. त्याने काट्यावर सांगितलेलं वजन शेतकरी दुसऱ्यांदा विचारत नसे. म्हणूनच १९८२ साली, लॅटिन शिकवणारे म्हातारे प्राध्यापक वारले तेव्हा, कॉलेजने त्यांचं एक काम ऑरव्हलच्या गळ्यात बांधलं. घरच्या सामन्याला जी पुस्तिका वाटतात तिच्या शेवटच्या पानावर 'हंगामवार इतिहास' असतो. साल, विजय, पराभव आणि एका ओळीचा शेरा. त्या पानाचा ऑरव्हल धनी झाला. शेरे त्याने सगळे नव्याने लिहून काढले, पार १९०४पासून, युद्धात बुडालेले तीन हंगाम सोडून.

'१९११ : विजय ३, पराभव ४. कोच ग्रीकही शिकवत. मुलांना दोन्हींतलं काही कळलं नाही.'

'१९३४ : विजय २, पराभव ६. धुळीचं वादळ. उत्तरार्धात चेंडू सापडला नाही.'

'१९६१ : विजय ८, पराभव १. काय झालं कुणास ठाऊक.'

'१९७५ : विजय १, पराभव ९. पाहुण्यांची बस याच नावाच्या ओक्लाहोमातल्या गावी गेली.'

पानाच्या तळाशी मात्र एक वाक्य जाड ठशात. एकशे सोळा हंगाम, एकही हंगाम विजयाविना नाही! आता नीट वाचलं तर हे वाक्य असं म्हणतं, की आम्ही दर वर्षी निदान एकदा तरी जिंकलो. दुसऱ्या एखाद्या गावाने हे लाजेने झाकून ठेवलं असतं. आम्ही ते पाण्याच्या टाकीवर रंगवलं. हायवेवरून जाणाऱ्यालासुद्धा दिसावं, अशा अक्षरांत.

तर २०२३चा हंगाम. नऊ सामने झाले, नऊ गेले. उरला एक, शनिवारी, सेंट ओटिलियाविरुद्ध. सेंट ओटिलियाचा एकेक गडी असा, की बसमधून उतरला की बस चार बोटं वर येते.

कॉलेजचे अध्यक्ष डॉ. क्विंटन मार्श. तीन वर्षांपूर्वी इंडियानातून आले आणि आल्या दिवसापासून आम्हाला एक कुटुंब म्हणू लागले. गवत कापायला दोन माणसं होती, त्यातला एक कमी केला तोही 'एक कुटुंब म्हणून'. नववा सामना बासष्ट-शून्य हरल्यावर त्यांनी कोच लॉनी व्हॅन्डिव्हरला बोलावून घेतलं.

"कोच, एक कुटुंब म्हणून मी तुमच्या पाठीशी आहे," अध्यक्ष म्हणाले. "हरणं-जिंकणं चालायचंच. पण परंपरा हरली, तर विश्वस्त म्हणतात की पुढच्या सोमवारी आपण नव्या दिशेने विचार करू."

"म्हणजे मला काढणार."

"छे छे! किती कठोर शब्द! तुम्हाला मोकळं करणार."

लॉनी व्हॅन्डिव्हर टेक्ससचा. नऊ वर्षांत चार कॉलेजं, चार घरं, तीन मुलं. आमच्याकडे कोच म्हणजे फक्त कोच नव्हे, तो व्यायामाचा तास घेतो, संघाची बस चालवतो आणि मैदानाचं गवतही कापतो (वर सांगितलेला दुसरा माणूस तोच). त्याची बायको ट्रीना पहिलीच्या वर्गाला शिकवते. नोव्हेंबर लागला की ती भिंतीवर नवीन खिळा ठोकत नाही.

सोमवारी संध्याकाळी लॉनी थेट ऑरव्हलच्या दारात. हातात वही.

"मिस्टर टीडमन, सर. तुमचं पान वाचलं, सर." लॉनी प्रत्येक वाक्याला एक 'सर' लावतो, ट्रकच्या मागे लाल दिवा लावावा तसा. "१९८७. तेव्हाही नऊ हरले होते, सर. शेवटचा सामना सेंट ओटिलियाच, शेवटचं मिनिट, चार गुणांनी मागे, तीन यार्ड बाकी. आणि जिंकले! चौथ्या प्रयत्नात! तो डाव नेमका काय होता, सर? मला तो काढून द्या. चार दिवस तोच घटवून घेतो पोरांकडून."

ऑरव्हलचा चेहरा पाहून त्याच्या बायकोने, आर्डिथने, दोघांपुढे पटकन कोबी-खिमा भरलेले बन ठेवले.

"तुम्ही तिथे होतात ना, सर?"

"होतो," ऑरव्हल म्हणाला.

होता म्हणजे काय, मैदानाच्या कडेलाच होता. कितवा प्रयत्न चाललाय ते दाखवणारा एक खांब असतो, वर आकड्याच्या पाट्या. एक, दोन, तीन, चार. दर प्रयत्नानंतर पाटी उलटायची. पंच मोजत नाहीत, पोरं मोजत नाहीत, कोच तर ओरडत असतो. सगळे त्या खांबाकडे बघतात. तो खांब १९८५पासून ऑरव्हलच्या हातात. ज्या माणसाचं वजन कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही, त्याच्याकडेच देणार ना!

आणि त्या दिवशी दुसरा प्रयत्न झाला, पोरगा गुणाच्या रेषेपासून वीतभर अंतरावर आडवा झाला, सगळं मैदान उभं राहून किंचाळलं, आणि ऑरव्हलने पाटी उलटलीच नाही. 'दोन' तसाच राहिला. पुढचा प्रयत्न पुन्हा दुसरा म्हणून झाला, मग तिसरा, मग चौथा. त्या चौथ्यात, म्हणजे खऱ्या हिशोबाने पाचव्यात, चेंडू रेषेपार गेला. सेंट ओटिलियाचा एक जण हाताची पाच बोटं पसरून घसा फोडत होता. पण पाहुण्याचं कोण ऐकतो? आमच्या लोकांना वाटलं, टाळी मागतोय. दोघांनी जाऊन दिलीसुद्धा.

पाटी उलटायची राहिली, की हात उलटेना, हे ऑरव्हलने छत्तीस वर्षांत स्वतःलाही विचारलं नव्हतं. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, पानावर त्याने लिहिलं, 'विजय १, पराभव ९. चौथ्या प्रयत्नात.' शेरा म्हणून त्याच्या मानाने जरा कोरडाच. पण वाचणाऱ्यांना भरून आलं.

लॉनी पेन्सिल घेऊन बसला होता. ऑरव्हलने डाव काढून दिला. हा इकडे धावतो, तो तिकडे वाकतो, चेंडू याच्या पोटाशी. पेन्सिलीला जीभ नसते, म्हणून तेवढं जमलं. तोंडाने जे सांगायचं होतं ते कोबीच्या बनाबरोबर गिळलं.

"देव तुमचं भलं करो, सर," म्हणत लॉनी गेला.

आर्डिथ दार लावून वळली. "तू त्याला काय दिलंस?"

"डाव."

"आणि बाकीचं?"

आर्डिथला माहीत होतं. त्या रात्री ऑरव्हलने झोपेत पाचपर्यंत मोजलं होतं.

"त्या माणसाची नोकरी एका आकड्याला टांगली आहे," ती म्हणाली. "परंपरा त्याच्यामुळे मोडतेय, असं सगळे म्हणतायत. ती मोडून छत्तीस वर्षं झाली, हे दोघांनाच ठाऊक आहे. त्यातली एक मी. माझ्या हातात खांब नव्हता."

बुधवारी दुपारी चर्चच्या तळघरात समर्थक मंडळाचं जेवण असतं. चिली, म्हणजे खिमा-राजम्याचं तिखट कालवण, आणि त्यात बुडवायला दालचिनीचा गोड रोल. बाहेरच्यांना हे ऐकून मळमळतं, आम्हाला त्याशिवाय बुधवार वाटत नाही. चाळीसेक माणसं जमली होती. अध्यक्ष होते, व्हर्जिल उन्रू होता. व्हर्जिल गावचा न्हावी, आणि सामन्याला दहा यार्ड मोजायच्या साखळीवर असतो, ऑरव्हलच्या शेजारीच. दहा पावलांवर. १९८७लाही तोच.

ऑरव्हल उठला. एरवी तो उठे तो फक्त दुसऱ्यांदा चिली घ्यायला, त्यामुळे सगळ्यांनी वाट करून दिली. तो जागचा हलेना तेव्हा लोकांचे चमचे थांबले.

"१९८७चा विजय खरा नाही," तो म्हणाला. "पाच प्रयत्न झाले. मी पाटी उलटली नाही. त्या वर्षी आपण शून्य होतो."



"ताप आहे का याला?" कुणीतरी विचारलं.

"ऑरव्हल," व्हर्जिलने तोंड पुसलं. व्हर्जिल कुणाचाही गळा कापताना आधी 'मी आपलं म्हणतोय' म्हणतो. "मी आपलं म्हणतोय, मी दहा पावलांवर होतो. म्हणजे मला चारपर्यंत मोजता येत नाही, असं तू चाळीस माणसांत म्हणतोयस?"

"तू साखळी धरून नाचत होतास, व्हर्जिल."

"नाचत होतो, पण मोजत नाचत होतो!"

"हे बघ," मागून आवाज आला, "पंचाने शिटी वाजवली, फळ्यावर गुण लागले. संपला विषय. देवाने ठरवलं."

"देवाने नाही, मी ठरवलं," ऑरव्हल म्हणाला.

"बघा! डोक्यात हवा गेली!"

व्हर्जिलने खिशातून गेल्या सामन्याची पुस्तिका काढली, शेवटचं पान उघडलं आणि ऑरव्हलच्याच नाकासमोर धरलं. "वाच. मोठ्याने वाच. 'विजय एक. चौथ्या प्रयत्नात.' छापील आहे!"

"ते मीच लिहिलंय, व्हर्जिल."

"मग? तुझ्यापेक्षा कुणाला जास्त माहिती आहे का?"

अध्यक्षांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "एक कुटुंब म्हणून, ऑरव्हल, आम्ही तुमच्या भावनांचा आदर करतो. सत्तरीनंतर स्मरणशक्ती खोड्या काढते. माझ्या सासूबाईंचंही तसंच आहे." मग लोकांनी त्याला टाळ्या वाजवल्या, आजारी माणसाला वाजवतात तशा, आणि सगळे रोलकडे वळले. कोच लॉनी तिथे नव्हता. तो मैदानावर पोरांकडून ऑरव्हलचा डाव घटवून घेत होता.

घरी आल्यावर ऑरव्हलने कोटही न काढता टाइपरायटर ओढला. गावाला जो ऑरव्हल हवा होता तो तोंडी नव्हे, छापील. हरकत नाही. पान गुरुवारी दुपारपर्यंत कॉलेजच्या छपाईच्या खोलीत जातं, आणि ते तिथे कुणीही वाचत नाही. ऑरव्हलने लिहिलेलं तपासायचं म्हणजे काट्यावरचं वजन दुसऱ्यांदा विचारण्यासारखं. त्याने एक ओळ बदलली.

'१९८७ : विजय ०, पराभव १०. शेवटच्या सामन्यात पाच प्रयत्न खेळले गेले. पाटी न उलटल्याचा दोष खांबधारी ऑ. टीडमन याचा.'

आणि तळाचं जाड वाक्य काढून टाकलं. त्याजागी काय घालावं ते न सुचल्याने जागा कोरी ठेवली.

"उद्या गावात तुला कुणी ओळख दाखवणार नाही," आर्डिथ म्हणाली.

"शनिवारपर्यंत दाखवतील. पुस्तिका शनिवारी वाटतात."

शनिवारी एक वाजता सामना सुरू झाला, आणि सव्वा वाजेपर्यंत एकवीस-शून्य झाला. असा खेळ चालू असला की प्रेक्षकांना वाचायला भरपूर वेळ मिळतो. दीडच्या सुमारास कोरी जागा पहिल्यांदा कुणाला तरी दिसली. मग पानं उलटल्याचा आवाज बाकड्यांवरून असा सरकत गेला, की सेंट ओटिलियाचे लोकही उठून बघायला लागले. व्हर्जिलला कुणीतरी कुंपणावरून पुस्तिका दिली. त्याने वाचली, साखळी खाली ठेवली, दहा पावलं चालत आला आणि ऑरव्हलच्या हातातून खांब काढून घेतला.

"मी आपलं म्हणतोय," तो म्हणाला. आणि बाकड्यांकडे बोट दाखवलं.

अडतीस वर्षांत ऑरव्हल पहिल्यांदा प्रेक्षकांत गेला, आणि तिथे त्याला बसायला जागा नव्हती. आमच्याकडे बाकडी रिकामी दिसली तरी रिकामी नसतात. प्रत्येक जागेवर कुणाची तरी घोंगडी असते, आणि काही घोंगड्यांचे मालक वारून दहा-दहा वर्षं झाली तरी त्यांच्या जागेवर बसायची छाती कुणाला होत नाही.

"इथे बर्निस बसते."

"बर्निस फ्लोरिडाला गेली ना?"

"म्हणून काय झालं?"

सबंध बाजूला एकाच ठिकाणी मोकळी जागा होती, ट्रीना व्हॅन्डिव्हरच्या भोवती. पाचव्या पराभवापासून लोक तिच्यापासून लांब बसायला लागले होते, तिला देवी निघाल्यासारखे. ट्रीनाच्या मांडीवर पुस्तिका उघडी होती. तिने ऑरव्हलकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं, आणि घोंगडीची घडी मोडून अर्धी बाकड्यावर पसरली.

"बसा," ती म्हणाली. "खेळाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही."

दोघं बसले. खेळाबद्दल बोलण्यासारखं काही नव्हतंच. शेवटच्या मिनिटाला पंचावन्न-शून्य असताना आमच्या पोरांना चुकून रेषेपासून तीन यार्डांवर चेंडू मिळाला. सामना जिंकायचा प्रश्न उरला नव्हता, पण अब्रूचा होता. कडेला व्हर्जिलने पाट्या अशा खाडकन उलटल्या, की सगळ्या गावाला ऐकू जाव्यात. एक. दोन. तीन. चार. चौथ्याला लॉनीने ऑरव्हलचा डाव खेळवला. पोरं नऊ यार्ड मागे आली.

सोमवारी विश्वस्त बसले. त्यांना कोचला मोकळं करायचं होतं, पण कारण हवं होतं, आणि कारण होतं परंपरा मोडल्याचं. ती तर आता छापील पुराव्यानुसार १९८७लाच मोडलेली. दोन तास डोकं लावून ठराव झाला, की परंपराभंगाची जबाबदारी तेव्हाच्या कोचवर आहे. ते २००४ साली वारले असल्याने त्यांच्यावर कारवाई करता येत नाही. सध्याच्या कोचला एक वर्ष मुदतवाढ. अध्यक्षांनी ऑरव्हलला फोन करून एक कुटुंब म्हणून विचारलं, पान दुसऱ्या कुणाकडे द्यावं का? ऑरव्हल म्हणाला, जरूर द्या. त्यांनी सहा जणांना विचारलं. एकशे सतरा ओळी टाइप कराव्या लागतात म्हटल्यावर सहाही जणांची स्मरणशक्ती खोड्या काढू लागली. पान ऑरव्हलकडेच राहिलं. खांब मात्र कायमचा व्हर्जिलकडे.

मंगळवारी ऑरव्हल मैदानावरून चालला होता. लॉनी यंत्राने शेवटचं गवत कापत होता. त्याने यंत्र बंद केलं. ऑरव्हलला वाटलं, आता हात पुढे येईल, डोळे भरतील. कोटाच्या खिशातला रुमाल त्याने चाचपलाही.

"मिस्टर टीडमन, सर," लॉनी म्हणाला. "तो डाव पाचव्या प्रयत्नाला चालतो, चौथ्याला नाही, हे त्या सोमवारी सांगायला काय झालं होतं, सर? चार दिवस घोटला मी तो. चार दिवस!"

"चुकलं माझं."

"तुमच्यापायी माझ्या संघातला एक पोरगा गुडघा धरून बसलाय, सर."

"बरोबर आहे तुझं."

लॉनीने पुन्हा यंत्राची दोरी ओढली. ते चालू होईना. तीनदा ओढली. मग त्याने दोरी ऑरव्हलच्या हातात दिली आणि स्वतः वाकून आत काय अडकलंय ते बघू लागला.

"ओढा, सर," तो खालून ओरडला. "आणि मोजू नका. चालू होईपर्यंत ओढा."